घराचं उन्हाळी घड्याळ

नागपुरात मे महिन्यात सकाळी दहालाच गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ अंशांचे दिवस तर आमच्या दरवर्षीच्या ओळखीचे. गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी सात वर्षांची होती आणि डिसेंबरात जन्मलेला धाकटा पाच महिन्यांचा. शाळेला सुट्टी, नळाला पाणी पहाटे, दुपारभर सगळे घरात आणि दर दोन तासांनी कुणाला तरी भूक. त्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट पक्की पटली. बाहेरचं ऊन बदलतं, पण घराचं घड्याळ जानेवारीचंच राहतं, आणि त्या दोघांतल्या ओढाताणीत आई भरडली जाते. ऊन आपल्या हातात नाही, घड्याळ आहे. ते कसं फिरवायचं आणि त्यात मुलांना काय जपायचं, ते इथे सांगते.

ओट्यापाशीचं ऊन

उन्हापासून बचावाच्या सरकारी सूचना दरवर्षी छापून येतात. दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या यादीत आणखी एक सूचना असते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: भर दुपारी स्वयंपाक करणं टाळा, आणि स्वयंपाकघराची दारं-खिडक्या उघडी ठेवा. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरातली सर्वांत तापलेली जागा ओट्यापाशीच असते. तिथे पंखा लावता येत नाही, कारण ज्योत विझते. बैठकीतल्या कूलरचा गारवा तिथवर पोचत नाही. पोळ्या लाटणारी बाई तासभर त्या आचेसमोर उभी असते आणि बाहेरचे लोक म्हणत असतात, बरं आहे, तुला उन्हात जावं लागत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. हे आकडे बाराही महिन्यांचे. उन्हाळ्यात त्या पाच तासांचं वजन वाढतं, म्हणून घड्याळ फिरवायचं तर सुरुवात ओट्यापासूनच हवी.

शिजवणं पहाटे, जेवण दुपारी

आम्ही जेवणाची वेळ तीच ठेवली आणि शिजवण्याची बदलली. सहाला गॅस पेटवायचा, आठ-साडेआठला बंद करायचा, तो थेट संध्याकाळी सातनंतर पुन्हा पेटवायचा. पहाटेचं पाणी भरणं आणि भाजी चिरणं नवऱ्याने घेतलं, तेव्हाच हे जमलं. एकटीने पाचला उठून सगळं उरकायचं ठरवलं असतं, तर रात्री तीनदा उठणाऱ्या बाळाच्या आईला ती शिक्षाच झाली असती.

यात खरी अडचण अन्न टिकवण्याची. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांवर गेली की एका तासापेक्षा जास्त नाही, असा साधा नियम आहे. त्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भाताबद्दल विशेष सावध राहावं, कारण भातातल्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मग सकाळचं दुपारी कसं खायचं? फ्रिज असेल तर वरण-भाजी पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात आत ठेवावी. नसेल तर मुळात नासणारं दुपारसाठी करूच नये. पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी, ऐन वेळी घुसळलेलं ताक, सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून, दही घालून भिजवलेले पोहे. यातल्या एकालाही दुपारी आच लागत नाही. डाळ-तांदूळ कुकरमध्ये शिजवून, झाकण न उघडता, जाड गोधडीत गुंडाळून ठेवले तर बराच वेळ कढत राहतात, आणि कढत आहेत तोवर धोका नाही.

पेटीच्या आकाराची सौरचूल हा विदर्भाला फार शोभणारा उपाय आहे. डाळ-भात ती दोन-तीन तासांत शिजवते, आणि ऊन आपल्याकडे उतू चाललेलं. ती घराघरांत का दिसत नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

पन्हं मात्र आठवड्यातून दोनदा होतंच. कैऱ्या सकाळच्या कुकरमध्येच उकडून घ्यायच्या. गर, गूळ, मीठ, वेलची एकत्र करून तो गोळा फ्रिजमध्ये ठेवला की मुलगी स्वतःच पेल्यात चमचाभर घेऊन माठातलं पाणी ओतते. तिच्या वाट्याचं ते पहिलं घरकाम ठरलं आणि तिला त्याचा अभिमान आहे.

अंगावरचं बाळ

सगळ्यात जास्त वाद आमच्या घरी याच गोष्टीवर झाला. बाळ पाच महिन्यांचं, बाहेर ४५ अंश. सासूबाई चमचा-वाटी घेऊन उभ्या. "अगं, घसा सुकत असेल त्याचा, दोन चमचे पाणी तर पाज." त्यांच्या बोलण्यात माया होती आणि काळजीही खरी होती, त्यामुळे नाही म्हणणं जड गेलं. पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यायचं, भर उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. वरून पाणी दिलं तर इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी शुद्ध नसेल तर जुलाब लागतात ते वेगळेच. उन्हाळ्यात बाळ वारंवार आणि थोडं थोडं पितं. ती त्याची तहान भागवण्याची रीत आहे, दूध कमी पडत असल्याची खूण नव्हे.

त्या चमच्यातलं पाणी प्यायला हवं ते आईने. बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं, आणि ते आईच्याच अंगातलं पाणी. मी पाजायला बसले की शेजारी तांब्या-भांडं ठेवायचं हे काम शेवटी सासूबाईंनीच अंगावर घेतलं. दोन दिवसांत वाद मिटला.

बाळाला पुरेसं मिळतंय की नाही हे लंगोट सांगतात. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि बाळ तरतरीत असेल तर काळजी नको. लघवी कमी आणि गडद, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, पिण्याची इच्छा नाही, यातलं काही दिसलं तर संध्याकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लहान मुलं उन्हात लवकर का कोमेजतात, त्याचंही कारण आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे बाहेरची उष्णता भराभर आत शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळण्यात गुंग असलं की तहान लागल्याचं त्यांना कळत नाही. घामोळ्यावर सैल मलमलचं झबलं, गार पाण्याने अंग पुसणं आणि मोकळी हवा पुरते. पावडरचा मारा करू नये. ती घामात साकळते आणि बाळाच्या श्वासात जाते.

मीठ, साखर, पाणी

साध्या तहानेला पाणी, ताक, पन्हं, लिंबूपाणी पुरे. जुलाब-उलट्या लागल्या की मात्र ओआरएसच हवं. पुडी आख्खी एक लिटर पाण्यात घालायची, अर्धी अर्धी नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर लहान मुलाला घातक ठरतं. जुलाब असतील तर डॉक्टर सोबत १४ दिवस झिंकही देतात.

ओआरएस असं नाव छापलेली गोड पेयं वर्षानुवर्षं दुकानांत विकली गेली, आणि आयांनी ती औषध समजून आजारी लेकरांना पाजली. त्यांत साखर भरमसाट, क्षार अपुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी केली. तरी पाकीट उलटून वाचायची सवय ठेवावी.

या मिठा-साखरेच्या पाण्याची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांमधून पाजायचं ठरवलं, आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. हजारो जीव वाचले. घोट घोट पाजत शेजारी बसून राहणं हाच तो उपचार होता.

जुलाबांचा विषय आहे तर बर्फगोळ्याविषयीही थोडंसं. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. गाडीवरच्या लादीत निळसर झाक दिसली तर मुलाचा हात धरून पुढे निघावं.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम, पायात गोळे, ही आधीची पायरी. सावलीत आडवं करून, कपडे सैल करून, घोटभर घोटभर पाणी दिलं की बहुतेक वेळा उतार पडतो. पण अंग ४० अंश सेल्सिअसच्या वर तापलं असेल, मूल असंबद्ध बोलत असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहायचं नाही. अंगावर पाणी ओतायचं, पंख्याने वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत गार पट्ट्या ठेवायच्या. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तापाची गोळीही द्यायची नाही, हा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही. कांदा जेवणात जरूर असावा, पण खिशात ठेवलेल्या कांद्याच्या भरवशावर लेकराला दुपारी दुकानात पाठवू नये.

उन्हातली बंद मोटार दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास जास्त तापते. "आलेच दोन मिनिटांत" म्हणूनसुद्धा मुलाला आत ठेवायचं नाही.

कूलर आणि ताट्या

वऱ्हाड-नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून इथे कूलर चालतो. ओल्या ताट्यांमधून हवा आत येते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. माठातलं पाणीही याच न्यायाने गार होतं. माठाची छिद्रं क्षारांनी बुजली की त्याचा गारवा जातो, मग नवा माठ आणावा हे बरं. मुंबई-रत्नागिरीकडे हवेतच इतकी वाफ असते की कूलर नुसता घाम वाढवतो. हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंशांची आणि किनारपट्टीवर ३७ अंशांची अट धरतो, ते याचसाठी. माझी बहीण डोंबिवलीत ३६ अंशांना बेजार होते तेव्हा मी आता हसत नाही.

कूलर लावला की समोरची खिडकी उघडी हवी. आलेल्या हवेला जायला वाट नसेल तर खोली तासाभरात दमट होते. पण त्याहून मोठी गोष्ट विजेची. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, आत पंप, आणि भोवती ओल्या पायांनी धावणारी मुलं. कूलरचा झटका बसून माणसं गेल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग तपासून घ्यावं, पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा, आणि पाणी भरायचं काम मुलांना सांगूच नये. आमच्या कूलरभोवती खडूची रेघ आहे. रांगायला लागलेला धाकटा ती जुमानत नाही, म्हणून आता मध्ये पाट आडवा लावला आहे.

भरून ठेवलेलं पाणी

पाणी कमी येतं तसं घरात साठवणं वाढतं. टब, बादल्या, पिंपं, न्हाणीघरातलं टाकं. रांगणारं मूल उघड्या बादलीत डोकावतं आणि डोक्याच्या वजनाने आत पडतं. वितीएवढं पाणीसुद्धा त्याला बुडवायला पुरेसं असतं, आणि आवाज मुळीच होत नाही. झाकण, नाहीतर न्हाणीघराच्या दाराला वरची कडी, यांपैकी एक हवंच. मोठ्या मुलांची भीती वेगळी. सुट्टीत विहिरी, कालवे, खाणींत साठलेलं पाणी त्यांना खुणावतं. पोहायला शिकवावं, जाणत्या माणसासोबत जरूर पाठवावं. मित्रांबरोबर न सांगता जाण्याचा हट्ट मात्र कितीही रडारड झाली तरी पुरवू नये.

दुपारचे चार तास

बारा ते चार. अंधारलेली खोली, कूलरची घरघर, बाळ झोपलेलं आणि मोठी म्हणते, "आई, आता मी काय करू?" रात्रीची झोप तुटलेली, अंग चिकचिकीत, आणि हा प्रश्न सहाव्यांदा. एका दुपारी मी तिच्यावर इतकी ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं आणि मग आम्ही तिघंही रडलो. उकाड्याने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने माणूस चिडतो, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी आपण वाईट आई आहोत असंच वाटलं. हे लिहिते, कारण ओळखीच्या प्रत्येक आईने हेच कधी ना कधी हळू आवाजात सांगितलं आहे.

त्यानंतर दुपार तीन भागांत वाटली. पहिला तास सगळ्यांनी आडवं व्हायचं, झोप येवो न येवो. दुसरा बैठ्या खेळांचा: सागरगोटे, अष्टचंग, पत्ते. सागरगोटे तिला आजीने शिकवले आणि आता आजी हरते. तिसरा भाग तिचा एकटीचा, त्यात आम्ही काही सुचवायचं नाही. मोबाइल रोज चार ते पाच, ठरलेला. तो दुपारभर मागितला जात नाही, कारण मिळणार हे नक्की असतं. तिचं बाहेर खेळणं सहानंतर, रात्री नऊपर्यंत. सुट्टीत उशिरा झोपलं म्हणून काही बिघडत नाही, उन्हाळ्यात रात्रच खरी खेळायची वेळ.

ज्यांना नोकरीवर जावं लागतं त्यांची दुपार याहून अवघड. शाळा हे मुलं सांभाळण्याचंही ठिकाण असतं, हे सुट्टी लागल्यावरच कळतं. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती आली, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथे कोण घेणार? आमच्या गल्लीत चार घरांनी दुपारी आलटून पालटून मुलं सांभाळली. गरिबाघरी सुट्टीची झळ ताटालाही लागते, शाळेतला आहार थांबतो. दुष्काळी भागांत तो सुट्टीतही द्यावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. आपल्या तालुक्यात तो पाळला जातो का, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी विचारायला हवं.

वाळवण

आणि तरीही उन्हाळा मला आवडतो, तो कुरोड्यांमुळे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे चारला गच्चीवर पातेलं चढतं, कारण ऊन चढलं की तिथे उभं राहता येत नाही. गल्लीतल्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या घरी जातात. एकीने चीक घोटायचा, दुसरीने सोऱ्या दाबायचा, तिसरीने बाळ घ्यायचं. गरम चिकात तूप-साखर घालून वाटीभर खायला मुलं अर्धवट झोपेत वर येतात. त्या दोन तासांत सासवांच्या, माहेरच्या, नोकरीतल्या अशा गोष्टी निघतात की वर्षभर मनात दडपलेलं मोकळं होतं. अंगावरच्या बाळाला कुणीतरी मांडीवर घेतं आणि आपले दोन्ही हात रिकामे होतात, हे सुख बाळंतिणीलाच कळेल.

विकतच्या कुरोड्या मिळतात आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी खुशाल आणाव्यात. पण एकटीने घरभर वाळवण घालू नये. ते काम मुळातच चार जणींचं आहे.

आजोळ

मे महिन्यातलं माहेर म्हणजे आईची सुट्टी, असं म्हणतात. तिथेही ओटा असतोच, पण आपल्यासाठी कुणीतरी चहा करतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तेव्हापासून दोन लेकरांना घेऊन वर्धेला जाऊन येणं माझ्या हातखर्चात बसतं. पहिली गाडी धरावी, उन्हं तापायच्या आत पोचावं. सोबत पाण्याची बाटली, ओला पंचा आणि बाळाला आडोसा द्यायला ओढणी.

मृग लागल्यावर

जूनच्या सुरुवातीला हवा दमट झाली की कूलर निकामी होतो आणि डासांचे दिवस येतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. कूलरची टाकी नुसती ओतून भागत नाही. अंडी पत्र्याला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. टाकी ब्रशने घासून, उन्हात वाळवून उलटी ठेवावी लागते. हे काम आमच्याकडे मोठीचं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तोवर तिला वेळ असतो. प्लग काढून बाजूला ठेवलेला तिला आधी दाखवायचा, मग ती पाइप घेऊन अंगणात बसते, आणि बाळ पाटावरून तिच्याकडे बघत पाण्याचे शिंतोडे अंगावर घेतं.